कथेखाली साल छापा : विज्ञानकथांच्या प्रकाशकांना आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी विज्ञानकथासंग्रहांचे प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस

स. न. वि. वि.

गेली पन्नासहून अधिक वर्षे मी विज्ञानकथा वाचत आलो आहे. मी लेखक नाही, समीक्षक नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच. दूरसंचार खात्यात, टेलिफोन एक्स्चेंजच्या तांत्रिक विभागात नोकरी केली आणि यथावकाश निवृत्त झालो. जुन्या स्ट्रोजर, म्हणजे यांत्रिक स्विचांच्या, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केलेल्यांना आठवत असेल, की मध्यरात्र उलटली की कॉल जोडणाऱ्या सिलेक्टरांची खडखड विरळ होत जाते आणि दोन कॉलांच्या मधली शांतता लांबत जाते. त्या शांततेत मी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न पुन्हा वाचला, नारायण धारप वाचले, 'नवल' आणि 'धनंजय' यांचे जुने अंक वाचले, पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आणि अर्थातच जयंत नारळीकर वाचले. इंग्रजी बेताचेच असल्यामुळे असिमॉव आणि क्लार्क यांना शब्दकोश शेजारी ठेवून गाठले. एवढ्या वाचनानंतर एखाद्या वाचकाला आपल्याकडे काही मागण्याचा अधिकार पोहोचतो, असे मी धरून चालतो.

मागणी लहान आहे. संग्रहातल्या प्रत्येक विज्ञानकथेखाली ती प्रथम कोणत्या अंकात आणि कोणत्या साली प्रसिद्ध झाली, हे छापावे. आणि नवी आवृत्ती काढताना कथेच्या मजकुराला 'अद्ययावत' करण्याच्या नावाखाली हात लावू नये.

हे पत्र लिहायला निमित्त झाले ते मागच्या वर्षी विकत घेतलेल्या एका संग्रहाचे. लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण लेखक हयात नाहीत आणि प्रकाशकाने जे केले ते त्याच्या एकट्याचे पाप आहे असे मला वाटत नाही. त्या संग्रहातली एक कथा मी फार पूर्वी वाचलेली होती आणि तिची जुनी आवृत्ती माझ्याकडे आहे. कथेचा सगळा पेच असा, की एका संशोधकाचे आयुष्यभराचे गणित एका फ्लॉपीवर साठवलेले असते आणि घरातल्या कोणीतरी ती फ्लॉपी सहज म्हणून फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने अडकवून ठेवते. सकाळी फ्लॉपी कोरी. नव्या आवृत्तीत कोणा उत्साही संपादकाने 'फ्लॉपी' हा शब्द काढून सर्वत्र 'पेन ड्राइव्ह' घातला आहे, आणि चुंबक तसेच ठेवले आहे. जेवणाच्या टेबलावर दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून मी ओळीला ओळ लावून पाहिली. फ्लॉपीवरची नोंद चुंबकीय थरावर असते, म्हणून चुंबकाने ती पुसली जाते. पेन ड्राइव्हमधली नोंद अर्धवाहकाच्या चिपमध्ये असते. फ्रिजवरच्या चुंबकाचे तिच्यापुढे काही चालत नाही. म्हणजे जी कथा विज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक होती, ती आधुनिक करण्याच्या नादात चुकीची झाली. चार पाने पुढे गेल्यावर तर नायक 'मोबाइलचा रिसीव्हर आपटतो'. तेथे मी पुस्तक मिटले.

आता कोणी म्हणेल, की हा एका मुद्रितशोधकाचा निष्काळजीपणा झाला, त्यासाठी सगळ्या प्रकाशकांना आणि संपादकांना खुले पत्र कशाला? माझे म्हणणे असे, की निष्काळजीपणा चुंबक तसेच ठेवण्यात झाला. फ्लॉपी काढण्याचा निर्णय मात्र पूर्ण विचारान्ती झालेला आहे आणि त्यामागे विज्ञानकथेकडे पाहण्याची आपली एक जुनी खोड आहे. आपण विज्ञानकथेला मनातून पाठ्यपुस्तकाची धाकटी बहीण समजतो. पाठ्यपुस्तकातली माहिती जुनी झाली की सुधारित आवृत्ती काढायची, हे रास्तच आहे. पण म्हणून कोणी ह. ना. आपट्यांच्या कादंबरीतला टांगा काढून तेथे रिक्षा घालत नाही. तेथे आपल्याला कळते, की टांगा हा त्या काळाचा पुरावा आहे. विज्ञानकथेतली फ्लॉपी मात्र आपल्याला पुरावा वाटत नाही, ती चूक वाटते.

कवितेच्या बाबतीत आपली रीत किती चांगली आहे पाहा. केशवसुतांच्या कविता उघडल्या तर कवितेखाली गाव आणि तारीख सापडते; 'तुतारी' १८९३ सालची आहे हे वाचकाला शोधावे लागत नाही, आणि ते साल ठाऊक असल्याने 'जुने जाऊं द्या मरणालागुनि' ही ओळ वेगळ्या जोराने ऐकू येते. जो साहित्यप्रकार मुळातच काळाशी खेळतो, ज्याचा अर्धा अर्थ 'तेव्हा' आणि 'पुढे' यांच्यामधल्या अंतरात असतो, त्याच्याखाली मात्र आपण साल छापत नाही. ताम्रपटासारख्या जपाव्यात अशा कथांचे संग्रह आपण काढतो आणि त्यात पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे साल तेवढे असते; कथा त्याआधी दोन वर्षे लिहिलेली की पंधरा, याचा पत्ता नाही. मलपृष्ठावर मात्र न चुकता असते, 'काळाच्या पुढे असलेली कथा'. कोणत्या काळाच्या, हे सांगण्याचे तेवढे राहून जाते.

सालाने वाचनात काय फरक पडतो, हे नुसते म्हणून भागणार नाही, म्हणून माझ्या वाचनातली काही उदाहरणे देतो.

नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ सालची. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ती पाठवली, आणि आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले, ही हकिकत अनेकांना माहीत आहे. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हकिकत गंमतीची म्हणून आपण पुन्हा पुन्हा सांगतो, पण तीतले साल मनावर घेत नाही. १९७४ साली कृष्णविवर ही वस्तू विश्वात खरोखर आहे की नाही, यावर पैज लागू शकत होती. पैज लागलीही: त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी हंस तारकासमूहातल्या 'सिग्नस एक्स-१' या क्ष-किरणांच्या स्रोतावर पैज लावली. ते कृष्णविवर नाही, या बाजूने हॉकिंग होते आणि त्यांनी हार मान्य केली ती १९९० मध्ये. कृष्णविवराच्या छायेचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले ते एप्रिल २०१९ मध्ये. आज बारावीतला मुलगा ती कथा वाचतो तेव्हा त्याच्या भ्रमणध्वनीत ते छायाचित्र असते. त्याला कथेखाली '१९७४' एवढे चार आकडे दिसले, तर तो थबकेल. नाही दिसले, तर 'हे तर माहीत आहे' म्हणून पान उलटेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

त्यांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे मला फार प्रेम आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली असती तर पुढे काय झाले असते, या एका प्रश्नावर ती उभी आहे, आणि पुण्याहून निघालेले इतिहासाचे प्राध्यापक ज्या मुंबईत उतरतात ती मुंबई, तिथले कंपनी सरकार, ग्रंथालयात बसून इतिहासाच्या पुस्तकांत चाललेला त्यांचा शोध, हे सगळे कितीही वेळा वाचले तरी शिळे होत नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती धडा म्हणून लागली, तेव्हा माझ्या परप्रांतीय सहकाऱ्यांच्या मुलांनीही ती वाचली याचा मला उगाचच अभिमान वाटला. पण तिच्या अखेरीस जे स्पष्टीकरण येते त्यात पुंजवादाच्या, म्हणजे क्वांटम सिद्धांताच्या, जोडीला 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' आहे. तरुण वाचक विचारतो, हे मध्येच कोठून आले? रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाचा या विषयावरचा ग्रंथ १९७२ सालचा. लहानशा बदलाने एखादी व्यवस्था एकदम वेगळ्याच स्थितीत कशी उडी घेते, याचे ते गणित सत्तरच्या दशकात जगभर गाजत होते. दंगलीपासून शेअर बाजारापर्यंत जो तो ते लावून पाहत होता, आणि पुढे तो गाजावाजा ओसरला. हे ठाऊक असले की कथेतला तो उल्लेख एका विशिष्ट दशकाची धडधड वाटतो. ठाऊक नसले की ओझे वाटतो. नारळीकरांच्याच 'हिमप्रलया'चेही तसेच. मुंबईत बर्फ पडते, या कल्पनेवर आजचा वाचक हसतो, कारण त्याने तापमानवाढीखेरीज दुसरे काही ऐकलेले नाही. पृथ्वी थंड होत चालली आहे काय, ही चर्चा सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांतून गांभीर्याने चालत असे, हे त्याला कोण सांगणार? आणि 'व्हायरस' हे त्यांच्याच कादंबरीचे नाव २०२० नंतर हातात घेणाऱ्याला वाटते की ही साथीच्या रोगाची गोष्ट असणार. तो विषाणू संगणकातला आहे.

अशी उदाहरणे विषयागणिक देता येतील. परीक्षानळीतल्या बाळाची कथा जगातले पहिले तसे बाळ जन्मले त्या जुलै १९७८ च्या आधीची असेल तर ती कल्पना आहे, नंतरची असेल तर बातमीवरची प्रतिक्रिया आहे, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये तसे बाळ जन्मल्यानंतरची असेल तर शेजारच्या घरातली गोष्ट आहे. गर्भलिंगनिदानावरची कथा महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा करण्यापूर्वी लिहिली की नंतर, यावर ती इशारा आहे की साक्ष, हे ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत तर वर्षही पुरत नाही. २०२२ ची दिवाळी ऑक्टोबरमध्ये होती आणि चॅटजीपीटी लोकांपुढे आले ते ३० नोव्हेंबरला. त्या दिवाळी अंकातली बोलक्या यंत्राची कथा आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीतली कथा यांच्यामध्ये बारा महिनेच आहेत, पण वाचक दोन निराळ्या जगांतले आहेत. संपादकांना माझी विनंती आहे, की अशा कथांखाली लेखनाचा महिनाही टाकावा. जागा अर्ध्या ओळीची लागते.

साल न छापल्यामुळे मला एक विद्या मात्र अवगत झाली, ती येथे सांगतो. कथेतला टेलिफोन पाहून मी साल ओळखतो. नायक ऑपरेटरकडे परगावचा ट्रंक कॉल बुक करून वाट पाहत बसला असेल आणि 'अर्जंट'चे त्याहून तातडीचे 'लायटनिंग' करायला सांगत असेल, तर कथा कितीही भविष्यातली असो, ती लिहिणाऱ्याने थेट डायल करण्याची सोय आपल्या गावात पाहिलेली नाही. पात्राने आपला नंबर देताना 'पी. पी.' म्हटले, तर फोन शेजाऱ्यांच्या घरी आहे. पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ दिसला की आपण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला किंवा त्यापुढे आलो. पेजर दिसला तर कथा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली, कारण ते बिचारे यंत्र आले केव्हा आणि गेले केव्हा हे आम्हा खात्यातल्या माणसांनाही नीट कळले नाही. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. त्याआधीच्या कथेत खिशातला फोन असेल तर त्या लेखकाला मी मनोमन सलाम करतो, आणि असे सलाम मला फार थोडे करावे लागले आहेत.

हे ओळखण्याचे खूळ जडल्यापासून विज्ञानकथा वाचण्याची माझी पद्धतच बदलली. लेखकाने भविष्यात काय बदलले, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. मला आता त्याने काय बदलले नाही, ते पाहण्यात अधिक रस वाटतो. माणूस शनीच्या उपग्रहावर पोहोचलेला असतो, अणुशक्तीवर शहरे चाललेली असतात, यंत्रमानव झाडलोट करत असतात, आणि त्याच कथेत पुण्याहून साताऱ्याला बोलायला ऑपरेटरची मनधरणी करावी लागते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येतात आणि प्रमेय सुरू झाले की आत जातात. बढतीची यादी साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असते. लेखकाची कल्पनाशक्ती कोठपर्यंत धावली आणि कोठे थांबली, ती सीमा म्हणजेच त्या वर्षाचा महाराष्ट्र. कोणत्याही सामाजिक कादंबरीत तो इतका नकळत उमटलेला सापडत नाही, कारण तिथे लेखक समाजाविषयी लिहितो आहे याची त्याला जाणीव असते. 'अद्ययावत' करणारा संपादक नेमकी हीच सीमा पुसून टाकतो. ट्रंक कॉलच्या जागी व्हिडिओ कॉल घातला की कथा नवी होत नाही, ती कोठलीच राहत नाही.

आपल्याकडून येऊ शकणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. दोन प्रकाशकांनी ते मला तोंडावर ऐकवलेही आहेत. पहिला असा, की जुने साल दिसले की गिऱ्हाईक पुस्तक ठेवून देते. साल मुखपृष्ठावर छापा असे मी म्हटलेले नाही. कथेच्या शेवटी, उजव्या कडेला, बारीक टाइपात छापा. तेथपर्यंत जो पोहोचला त्याने पुस्तक विकत घेतलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने विज्ञान चुकीचे ठरलेले असते, ते तसेच ठेवले तर विद्यार्थ्यांचा गैरसमज होईल. यावर असिमॉव यांनी काय केले ते सांगण्यासारखे आहे. पन्नासच्या दशकात त्यांनी मुलांसाठी 'लकी स्टार' नावाची कादंबऱ्यांची मालिका टोपणनावाने लिहिली. तीतल्या १९५४ च्या कादंबरीत शुक्रावर महासागर आहेत, कारण ढगांच्या आड पाणी असावे हा तेव्हाचा एक मान्य तर्क होता. १९६२ मध्ये मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि तो ग्रह भट्टीसारखा तापलेला आहे हे पक्के झाले. सत्तरच्या दशकात त्या कादंबऱ्या पुन्हा निघाल्या तेव्हा असिमॉव यांनी महासागर आटवले नाहीत. प्रत्येक पुस्तकाला त्यांनी एक छोटी प्रस्तावना जोडली: हे लिहिले तेव्हा शास्त्रज्ञ असे मानत होते, नंतर असे आढळले. मुलांचा गैरसमज होण्याऐवजी त्यांना विज्ञान कसे चालते, याचा असा धडा मिळाला जो सुधारित मजकुरातून मिळाला नसता. लॅरी निव्हन या लेखकाची तर पहिलीच कथा बुध ग्रहाच्या कायमच्या काळोख्या बाजूवर होती. ती १९६४ च्या डिसेंबरच्या अंकात आली आणि १९६५ मध्ये रडारने दाखवून दिले की बुधाला कायमची काळोखी बाजूच नाही. कथा पुढे संग्रहात आली ती तशीच.

लेखकाला स्वतःची कथा बदलण्याचा अधिकार आहे की नाही? जरूर आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 'कुंतलीन' या केशतेलाच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेसाठी १८९६ मध्ये एक बंगाली कथा लिहिली, जीत बाटलीभर तेलाने समुद्रावरचे वादळ शमते. स्पर्धेची अटच अशी होती, की कथेत तेलाचे नाव आले पाहिजे. (आपल्या दिवाळी अंकांतल्या जाहिरातदारांना ही कल्पना सुचली नाही, याबद्दल देवाचे आभार.) पुढे १९२१ मध्ये 'अव्यक्त' या पुस्तकात घेताना बोस यांनी ती नव्याने लिहिली आणि नावही बदलले. पण बंगाली वाचकाजवळ दोन्ही कथा आहेत आणि दोन्हींची साले आहेत. त्यामुळे पंचवीस वर्षांत एका शास्त्रज्ञाच्या हाताने काय गाळले आणि काय वाढवले, हे तो वाचू शकतो. आपल्याकडे लेखकाने केलेला बदल कोणता, नातवाने केलेला कोणता आणि डीटीपीवाल्याने केलेला कोणता, हे कळायला मार्ग नाही.

तिसरा आक्षेप, मूळ अंकच मिळत नाहीत. हा मात्र खरा आहे, आणि दरवर्षी अधिक खरा होत चालला आहे. दिवाळी अंक दोन महिने वाचनालयाच्या योजनेत फिरतो, संक्रांतीपर्यंत त्याचे मुखपृष्ठ गळते आणि होळीच्या सुमाराला तो रद्दीत जातो. तरी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या शतकाहून जुन्या संस्थांनी बरेच काही जपले आहे. संग्रह काढण्यापूर्वी एका होतकरू विद्यार्थ्याला चार दिवस तेथे बसवण्याचा खर्च पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या चित्राहून कमीच येईल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती याच विषयाच्या पोटातली आहे. विज्ञानकथा निवडताना 'हिच्यात विज्ञान किती?' हा प्रश्न विचारणे कृपा करून कमी करा. या प्रश्नापायी लेखक घाबरतात आणि कथेच्या मध्यावर एक प्राध्यापक आणून बसवतात. ते घसा खाकरतात, चष्मा पुसतात, 'सोप्या भाषेत सांगायचे तर' असे म्हणतात आणि पुढची अडीच पाने बोलत राहतात. ऐकणारा तरुण पत्रकार अधूनमधून 'म्हणजे नेमके काय, सर?' एवढेच विचारतो. आजवर वाचलेल्या कथांत सगळ्यांत आधी काही शिळे झाले असेल तर ती हीच अडीच पाने. टिकले आहे ते निराळेच आहे: परतून आलेल्या माणसाला आपला मुलगा आपल्याहून म्हातारा झालेला दिसतो तो क्षण, यंत्रमानवाला निकाली काढताना त्याच्याकडून घरची किल्ली परत मागणारी बाई, आपण राहतो तेच शहर पण रस्त्यांची नावे वेगळी. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या कथेची दखल घेतली, आणि ती साहित्य म्हणून घेतली. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद तर एका विज्ञानकथाकाराकडेच, नारळीकरांकडे, होते. मधल्या सेहेचाळीस वर्षांत समीक्षकांनी आणि परीक्षकांनी विज्ञान तपासण्याचे काम इतके मनापासून केले, की कथा तपासायची राहून गेली. ज्यांच्या कथांत प्राध्यापक कमी आणि माणसे जास्त आहेत असे लेखक त्यामुळे दोन्हीकडून उपरे ठरले. धारपांच्या विज्ञानकथा आजही दुकानात भयकथांच्या गठ्ठ्यात सापडतात.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. आता त्यांच्या कथांच्या नव्या आवृत्त्या निघतील, समग्र खंड निघतील, निवडक निघतील, निघावेत. लोंढेही नाहीत, धारपही नाहीत. या कथा केव्हा लिहिल्या, असे ज्यांना फोन करून विचारता आले असते ती माणसे एकेक करून जात आहेत. म्हणूनच हे पत्र आता लिहितो आहे.

रिकाम्या हाताने मागणे बरे नव्हे, म्हणून माझ्याजवळ जे आहे ते देऊ करतो. १९८१ पासून मी एक वही ठेवली आहे. खात्याच्या फॉल्ट रजिस्टरची ती कोरी प्रत होती, त्यामुळे रकान्यांची नावे 'तक्रार क्रमांक', 'तक्रारीचे स्वरूप' आणि 'निवारण' अशी छापलेली आहेत. पहिल्या रकान्यात मी अंकाचे नाव आणि साल लिहितो, दुसऱ्यात कथा आणि लेखक, आणि 'निवारण' या रकान्यात कथा कशी वाटली ते. शेवटचा रकाना आपल्या उपयोगाचा नाही. तरुणपणी केलेली काही शेरेबाजी छापण्याजोगीही नाही. पहिले दोन रकाने मात्र खात्रीचे आहेत, कारण अंक हातात असतानाच ते भरलेले आहेत. ज्या प्रकाशकाला एखाद्या संग्रहासाठी हवे असतील त्याने पाने झेरॉक्स करून न्यावीत. वही घराबाहेर देणार नाही, एवढी एक अट आहे. पूर्वी एकदा दिली होती, ती परत यायला तीन वर्षे लागली आणि आली तेव्हा १९८७ ची चार पाने तीत नव्हती. ती ज्यांच्याकडे असतील त्यांनीही पाठवावीत, नाव विचारणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
मिरज